टाचण्यांचा झगा : 'विटनेस' पुन्हा पाहताना

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या मंडळींची एक ठरलेली यादी असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टनची स्मारकं, हर्शीची चॉकलेटं, आणि परतीच्या वाटेवर लँकेस्टरचे आमिश. घोडागाडीतून एक चक्कर, घरचा जॅम, आणि घरी आल्यावर फोनवर भारतातल्या नातेवाइकांना वर्णन : "अगं, वीज नाही, मोटार नाही, बायका अजून डोक्यावर टोपी आणि पायघोळ झगा घालतात. काय साधी राहणी!" हे वाक्य मी गेल्या पंधरा वर्षांत इतक्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे की ते त्या सहलीच्या तिकिटातच येत असावं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा तिनं मात्र हे वाक्य म्हटलं नाही. दोन आमिश मुली रस्त्याच्या कडेनं जात होत्या, त्यांच्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, ह्यांना कुणी विचारतं का, हे घालणार का म्हणून?"

मी चटकन सांगितलं, "विचारतात की! ह्यांचा बाप्तिस्मा लहानपणी होत नाही. अठरा-वीस वर्षांचे झाले की स्वतः ठरवतात, पंथात यायचं की नाही ते."

"आणि नाही म्हटलं तर?"

ह्याचं उत्तर मला इतक्या चटकन देता आलं नाही. म्हणून, आणि थोडं विषय टाळण्यासाठीही, त्या रात्री मी आईला 'विटनेस' लावून दिला. हा चित्रपट मी कॉलेजात असताना पाहिला होता आणि तेव्हा लक्षात राहिला होता तो हॅरिसन फोर्ड आणि मक्याच्या कोठीतला तो गुदमरून टाकणारा प्रसंग. आईशेजारी बसून पाहताना मला वेगळाच चित्रपट दिसला. हा कपड्यांविषयीचा चित्रपट आहे. आणि एका ख्रिस्ती स्त्रीच्या वेशाबद्दल इतक्या समजुतीनं सुरू होणारा हा चित्रपट ऐन मोक्याच्या जागी तिला थोडा फसवतो, असं माझं मत झालं. ते पटवून देण्याचा हा प्रयत्न.

ज्यांनी पाहिला नसेल किंवा विसरला असेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. 'विटनेस' १९८५ साली आला. दिग्दर्शक ऑस्ट्रेलियाचे पीटर वीअर. आठ ऑस्कर नामांकनं आणि त्यांपैकी मूळ पटकथा व संकलन ही दोन पारितोषिकं त्याला मिळाली. रेचल लॅप (केली मॅकगिलिस) ही तरुण आमिश विधवा आठ वर्षांच्या मुलाला, सॅम्युअलला, घेऊन बहिणीकडे निघते. फिलाडेल्फियाच्या स्टेशनवर गाडी बदलायची असते, तिथल्या स्वच्छतागृहात सॅम्युअल एक खून पाहतो. तपास करणाऱ्या जॉन बुकला (हॅरिसन फोर्ड) कळतं की खुनी पोलीसच आहेत आणि वरिष्ठ साहेबही त्यात आहेत. गोळी लागलेल्या अवस्थेत तो माय-लेकांना त्यांच्या शेतावर पोचवतो आणि तिथंच आमिश वेशात लपून राहतो. पुढे प्रेम, संशय, चकमक आणि निरोप.

वीअर यांना कपड्यांची भाषा कळते, ह्याबद्दल शंका नको. त्यांच्या १९७५ च्या 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'मध्ये १९०० सालच्या शाळेतल्या मुलींना सहलीच्या दिवशी गावाबाहेर पडल्यावर हातमोजे काढायची परवानगी मिळते. पुढे डोंगर चढताना त्या बूट-मोजे काढतात आणि नाहीशा होतात. 'विटनेस'मध्येही पहिलं दृश्य वेशाचंच आहे. वाऱ्यानं हलणाऱ्या हिरव्या शेतातून काळ्या कपड्यांतली माणसं चालत येतात. कुठला देश, कुठला काळ, काही कळत नाही, आणि मग पडद्यावर अक्षरं येतात : पेनसिल्व्हेनिया, १९८४. स्टेशनवर सॅम्युअलला काळी टोपी आणि दाढी दिसते, आपलाच माणूस समजून तो जवळ जातो. तो माणूस ज्यू निघतो. दोघं एकमेकांकडे पाहतात. संवाद एकही नाही, पण दोन धर्मांनी वेशातून जगाशी आखलेली सीमारेषा त्या एका नजरेत आहे.

ही सीमारेषा येते कुठून? आमिश लोक ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतले. १५२५ मध्ये झुरिकला काही जणांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण तान्ह्या मुलाच्या वतीनं दुसऱ्यानं दिलेलं वचन त्यांना वचन वाटेना. १६९३ मध्ये याकोब आमान यांच्या अनुयायांनी वेगळी चूल मांडली. त्या वादात दोन मुद्दे होते : पंथ सोडणाऱ्यावर बहिष्कार किती कडक असावा, आणि वेशात साधेपणा किती असावा. म्हणजे आईच्या दोन प्रश्नांची जोडी तीनशे वर्षांहून जुनी आहे.

वेशाचा आधार बायबलात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल सांगतो की प्रार्थना करणाऱ्या स्त्रीचं मस्तक झाकलेलं असावं. अन्यत्र अखंड प्रार्थना करा असंही तोच सांगतो. मग आमिश बाईनं निष्कर्ष काढला की टोपी अखंड हवी. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात केसांच्या वेण्या, सोनं, मोती आणि उंची वस्त्रं यांऐवजी सत्कृत्यांनी सजावं असा उपदेश आहे. म्हणून लग्नाची अंगठीसुद्धा नाही. केस कापायचे नाहीत, मधोमध भांग, मागे अंबाडा, त्यावर पांढरी टोपी. एकरंगी झगा, वरून खांद्यावरचा केप आणि एप्रन, आणि ते जागच्या जागी धरून ठेवायला टाचण्या. पुरुषांच्या कोटाला बटणं नसतात, आपल्या ब्लाऊजला असतात तसे हूक असतात. लष्करी गणवेशांच्या मिरवणाऱ्या बटणांची आणि मिश्यांची ह्या अहिंसक लोकांना नावड, म्हणून दाढी आहे पण मिशी नाही.

हे बारीकसारीक नियम बायबलात अर्थातच नाहीत. ते 'ऑर्डनुंग'मध्ये असतात. ऑर्डनुंग म्हणजे वीस-चाळीस कुटुंबांच्या एकेका मंडळीनं वर्षातून दोनदा एकत्र बसून मान्य केलेली, बहुतांशी अलिखित नियमावली. टोपीची घडी कशी, झग्याची लांबी किती, टेलिफोन घरात की गल्लीच्या टोकाला, सगळं त्यात. आमच्या धंद्यातला माणूस ह्या पद्धतीकडे आदरानंच पाहील. नवी वस्तू आली की ती आपल्या माणसांना जवळ आणेल की लांब नेईल, हे आधी पाहून मग तिला घरात घेणारा समाज मी दुसरा पाहिलेला नाही. आणि हा समाज आटतही नाही. १९०० च्या सुमारास पाचेक हजार असलेले आमिश आज चार लाखांच्या घरात आहेत. दहांतली आठ-नऊ मुलं मोठेपणी पंथातच राहतात.

आता चित्रपटाकडे. जखमी बुकला रेचल आपल्या मृत नवऱ्याचे कपडे देते. ते त्याला आखूड होतात. बटणं का नाहीत म्हणून तो विचारतो, ती सांगते की बटणं गर्वाची, दिखाऊ, ती साध्या माणसाला शोभत नाहीत. मग झिपबद्दल काय मत, असं तो विचारतो, आणि दोघं हसतात. प्रसंग गोड आहे. आईही हसली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बुक हा वेश घालतो, त्यात अवघडतो, त्यात सुतारकाम करतो, तो घालून गावात टवाळखोरांना ठोसे लगावतो आणि म्हणून ओळखला जातो, आणि शेवटी तो उतरवून शहरात परततो. वेशाशी जे जे नाटक करता येतं ते सगळं लेखकांनी पुरुषाला दिलं आहे. बुकचा वेश ही एक गोष्ट आहे, तिला आरंभ-मध्य-अंत आहे. रेचलचा वेश तिच्याबरोबर जन्माला आल्यासारखा आहे.

तो तसा नव्हता. रेचल पंथात आहे, तिच्यावर बहिष्कार घालण्याची भाषा होते, म्हणजे तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. म्हणजे कधीतरी अठराव्या-विसाव्या वर्षी सगळ्यांसमोर उभी राहून ती हो म्हणाली होती. ॲनाबॅप्टिस्ट धर्माचा सगळा डोलारा त्या 'हो'वर उभा आहे. लग्नाच्या दिवशी घातलेला पांढरा केप आणि एप्रन ही बाई जपून ठेवते आणि मरणानंतर तिला त्यातच पुरतात. म्हणजे कुठलं वस्त्र आपल्याला शेवटपर्यंत सोबत करणार, हे तिला विशीतच ठाऊक असतं. आपल्याकडे शालू जपून ठेवणाऱ्या बायकांना ह्यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. चित्रपटात ह्यातलं काहीच येत नाही. नवऱ्याच्या दफनानं सुरू होणाऱ्या चित्रपटात ते एका वाक्यानं आणता आलं असतं.

त्याऐवजी काय येतं? रेचल रात्री कंदिलाच्या उजेडात अंग पुसत असते. बुकची नजर पडते. ती वळते आणि न लाजता त्याच्यासमोर उभी राहते. बुकच नजर खाली घालतो. छायाचित्रकार जॉन सील यांनी डच चित्रकारांचा उजेड ह्या चित्रपटात आणला आहे आणि हे दृश्य देखणं आहे, त्यात सवंगपणा नाही, हे मान्यच. तिचं वळणं हा तिचा निर्णय आहे असा बचावही करता येईल. पण मग विचारावंसं वाटतं की ह्या बाईला निर्णयशक्ती आहे हे दाखवायला दिग्दर्शकाला तिचे कपडे उतरवावेच का लागले? ज्या समाजाला साधा फोटो काढलेला आवडत नाही, त्यातल्या स्त्रीला समजून घेण्याचा हा मार्ग आहे का? आमिश पुढाऱ्यांनी आणि स्वतः आमिश घरात वाढलेले समाजशास्त्रज्ञ जॉन हॉस्टेटलर यांनी ह्या चित्रपटाला विरोध केला होता. तो विरोध तेव्हा अनेकांना सोवळेपणाचा वाटला. मला आता तसा वाटत नाही.

दुसरी जागा टोपीची. बुक जाणार हे रेचलला कळतं. ती टोपी काढते, हलकेच खाली ठेवते आणि बाहेर त्याच्याकडे धावते. चित्रपटाचा हा कळसाध्याय. टोपी म्हणजे बंधन, मोकळे केस म्हणजे मुक्ती, असं सोपं समीकरण इथं मांडलं आहे, आणि आपण प्रेक्षकांनी ते चाळीस वर्षं बिनतक्रार सोडवलं आहे. मी तावातावानं हे आईला सांगू लागलो तर ती म्हणाली, "पण टोपी तिनं भिरकावली नाही बघ. नीट ठेवली." हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. केली मॅकगिलिस यांच्या हातांना पटकथेपेक्षा जास्त कळलं होतं असं म्हणावं लागेल. जी वस्तू उद्या पुन्हा घालायची आहे, तीच माणूस नीट ठेवतं. शेवटच्या दृश्यात रेचल टोपीतच आहे.

पण ती पुन्हा घालतानाचं दृश्य चित्रपटात नाही. माझी मुख्य तक्रार हीच. काढणं कॅमेऱ्यासमोर, घालणं कॅमेऱ्यामागे. बुक निघून गेल्यावर त्या घरात सकाळ झाली असेल, तिनं केस विंचरले असतील, टाचण्या घेतल्या असतील. त्या वेळी तिच्या मनात काय होतं? हार, सवय, भीती, की श्रद्धा? ह्या प्रश्नाचं उत्तर ज्याला शोधावंसं वाटत नाही त्याला त्या स्त्रीत रस नसून तिच्या टोपी काढण्यात रस आहे.

चित्रपटाच्या बाजूनं एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. कोठारात बुकच्या मोटारीचा रेडिओ लागतो, दोघं नाचतात, आणि सासरा ईलाय ते पाहतो. तो तिला बहिष्काराची भीती घालतो. ती म्हणते, मी काय मूल आहे? मी काही चूक केली की नाही हे मी ठरवीन. ईलाय म्हणतो, ते तू नाही ठरवायचं, ते सगळे ठरवतील, आणि तू मला लाज आणलीस तर मीही. त्यावर रेचल उलट म्हणते की लाज तुम्ही स्वतःच स्वतःला आणता आहात. इथं चित्रपट खऱ्या प्रश्नाला हात घालतो. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन बोलीत कसं म्हणतात ठाऊक नाही, पण ईलायच्या चेहऱ्यावर ते मराठीत लिहिलेलं आहे. पुढे कोठार उभारण्याच्या दिवशी बायका रेचलकडे ज्या नजरेनं पाहतात तीही आपल्या ओळखीची. हा पदर चित्रपटानं धरून ठेवला असता तर तो थोर झाला असता. पण तिसऱ्या अंकात बंदुका येतात आणि बाई बाजूला पडते.

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. नाही म्हटलं तर? बाप्तिस्म्याआधी नाही म्हटलं तर घरचे दुखावतात, पण बहिष्कार नसतो. बाप्तिस्मा घेऊन मग सोडलं तर असतो. एका टेबलावर जेवण नाही, हातातून वस्तू घेणं नाही. म्हणजे 'हो' म्हणायला सगळी मुभा, ते मागे घ्यायला जबर किंमत. शिवाय तो 'हो' म्हणणारी मुलगी आठवीपर्यंतच शिकलेली असते. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध योडर ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आमिश पालकांना मुलांची शाळा आठवीनंतर थांबवण्याची मुभा दिली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं : पालकांचं ऐकलंत, मुलांना विचारलंत का? आईच्या पहिल्या प्रश्नाला इतका मोठा जामीन मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेव्हा आमिश स्त्रीचा वेश ही स्वच्छ, मोकळी निवड आहे असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण म्हणून ती निवडच नाही, हे म्हणणंही तितकंच भाबडं. तीच वचनं वाचणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या अनेक मंडळींतल्या बायकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोपी सोडली आणि त्यांचा ख्रिस्त त्यांना सोडून गेला नाही. म्हणजे वचन एक आणि निवाडे दोन. जिथं निवाडे दोन असू शकतात तिथं निवडीला जागा असते, अरुंद का होईना.

अशा अरुंद जागेत उभी राहिलेली एक मराठी बाई ह्याच फिलाडेल्फियात येऊन गेली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या. ख्रिस्त स्वीकारला, पण अंगावरची पांढरी साडी तशीच ठेवली, मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असा वाद त्यांनी आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, घातला. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आहे. ज्येष्ठांना त्यात उद्धटपणा दिसला. पण ते नीट वाचलं तर दिसतं की ही बाई साधेपणा मानते, देव मानते, फक्त साधेपणाचा नमुना दुसऱ्यानं कापून द्यावा हे तिला मान्य नाही. पांढरं वस्त्र मूळचं वैधव्याचं, लादलेलं. तेच तिनं स्वतःचं करून घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसणार नाही. कॅमेऱ्यालाही दिसणार नाही. तो दिसण्यासाठी त्या व्यक्तीला विचारावं लागतं.

आणि विचारण्याच्या बाबतीत आपण वीअर साहेबांना फार बोलू नये. आपल्या कार्यक्रमांच्या पत्रकांत 'पारंपरिक वेशभूषेत यावे' असं असतं. पुरुष जीन्सवर झब्बा चढवतो आणि त्याची परंपरा पूर्ण होते. बायका-मुलींची नऊवारी, नथ, गजरा यांची मात्र तपासणी होते. संस्कृती टिकवण्याचं कंत्राट आपण त्यांच्या अंगावर टाचलेलं आहे. माझी आई इथं आली की पंजाबी ड्रेस आणि बूट घालून रोज तीन मैल चालते, आणि परतीच्या विमानात बसताना न विसरता साडी नेसते. ह्यातलं तिच्या मनाचं कोणतं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. चित्रपट संपल्यावर विचारलं. म्हणाली, "दोन्ही. पण तू आज विचारलंस." त्यावर मी गप्प बसलो.

दुसऱ्या आठवड्यात तिच्याच आग्रहानं पुन्हा लँकेस्टरला गेलो. रस्त्याकडेच्या ठेल्यावर एक आमिश बाई टोमॅटो आणि लोणची विकत होती, आईपेक्षा थोडी लहान असेल. आईनं मला दुभाषा केलं. "विचार हिला, एवढ्या टाचण्या टोचत नाहीत का?" मला ओशाळं झालं, पण विचारलं. ती बाई हसली. म्हणाली, "घाई केली की टोचतात." मग तिनं आईच्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? आईच्या बांगडीला नेहमीप्रमाणे दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. साडीच्या निऱ्यांना लागतात, सवयीनं असतात, असं आईनं सांगितलं आणि पदर कुठं टाचतात ते स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. तिनंही केप कुठून कुठे टाचतात ते दाखवलं. ह्या वेळी माझ्या भाषांतराची दोघींनाही गरज पडली नाही.

'विटनेस'च्या जवळजवळ दोन तासांत मी हा प्रसंग शोधला. दोन बायका आपल्या कपड्यांविषयी आपापसात बोलताहेत, असा. तो तिथं नाही. तरीही चित्रपट अवश्य पाहावा, आणि शक्य असल्यास साडी नेसणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ बाईंच्या शेजारी बसून पाहावा.